स्पोर्ट मॉडेलला जुन्या लढाऊ विमानाचं रूप : नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली, सकाळी हवा शांत राहायला लागली, की रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांबद्दलचे हे प्रश्न सुरू होतात. बरेचसे दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. पुढचं सगळं इलेक्ट्रिक मोटरच्या, १४०० ते १५०० मिमी पंखांच्या मॉडेलला धरून आहे.

१. स्केल मॉडेल आणि हे, यात फरक काय?

स्केल मॉडेल पहिल्या काडीपासून नकाशाप्रमाणे बांधतात. पंखाचा आकार, जाडी, शेपटी, सगळं मूळ विमानाच्या प्रमाणात. दिसायला ते देखणं असतं, पण उडवायला अनेकदा अवघड. आपण करतो ते उलट्या बाजूनं: नीट उडणारं स्पोर्ट मॉडेल (कुठल्याही खऱ्या विमानाची नक्कल नसलेलं) घ्यायचं आणि त्याची बाह्यरेषा, काच, नाक, रंग बदलायचे. दहा-पंधरा मीटरवर उभ्या माणसानं विचार न करता "हरिकेन!" म्हटलं की काम झालं (हॉकर हरिकेन हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान). जवळ येऊन रिव्हेट मोजणाऱ्यासाठी हे नाही. उडण्याचा स्वभाव मात्र स्पोर्ट मॉडेलचाच राहिला पाहिजे. तो गेला तर हे सगळं करण्यात अर्थ नाही.

२. मी आत्ताच हाय-विंग ट्रेनरवर (धडाच्या वर पंख असलेल्या शिकाऊ मॉडेलवर) शिकलोय. लढाऊ विमान लगेच करू का?

लढाऊ नको, लष्करी करा. त्यासाठी नवीन मॉडेल घ्यायचीही गरज नाही. वर पंख असलेली, तोफखान्याला आकाशातून निशाणा सांगणारी विमानं आपल्या सैन्याकडे होती. आधी ब्रिटिश बनावटीचं ऑस्टर, नंतर बंगळूरच्या एचएएल या विमान कारखान्याचं कृषक, जे १९५९ मध्ये पहिल्यांदा उडालं. दोघांचे पंख वर, पंखाला आधाराच्या दांड्या, चाकं कायम बाहेर, मागे टेल व्हील (शेपटीखालचं चाक). चाकांची जागा सोडली तर ट्रेनरची ठेवण हीच. नोजव्हील (नाकाखालचं चाक) काढा (प्रश्न १४), खोट्या दांड्या लावा, केबिनच्या खिडक्या मोठ्या करा आणि शेपटी गोलसर करा.

ही विमानं फारसं कोणी करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मैदानावर मस्टँग (अमेरिकी लढाऊ विमान) दर वेळी दिसतं, कृषक कधीच दिसत नाही.

३. लो-विंग (धडाच्या खाली पंख असलेलं) स्पोर्ट मॉडेल आहे. त्यावर कोणतं विमान बसेल?

आधी एक आकडा काढा: एकूण लांबी भागिले पंखांची लांबी. साधारण स्पोर्ट मॉडेलमध्ये हा ०.८ ते ०.८५ येतो. हॉकर हरिकेनचे पंख १२.१९ मीटर, लांबी ९.८४ मीटर, म्हणजे ०.८१. १५०० मिमीच्या मॉडेलवर प्रमाण १:८ च्या आसपास येतं आणि धड जवळजवळ जसंच्या तसं बसतं. पंख सरळ निमुळता, टोकं गोल, चाकं एकमेकांपासून लांब, पंख जाड. स्पोर्ट मॉडेलला याहून जवळचं दुसरं लढाऊ विमान मला माहीत नाही. शिवाय ते आपलं आहे. १९४४ मध्ये इंफाळला अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची १ नंबरची स्क्वॉड्रन हरिकेनच उडवत होती.

दुसरं माझं आवडतं एचटी-२. ५ ऑगस्ट १९५१ ला पहिल्यांदा उडालेलं, आपल्याच कोल्हापूरकडच्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेलं प्रशिक्षण विमान. याची चाकं मुळातच आत जात नाहीत, त्यामुळे तिथे काही खोटं करावं लागत नाही. अडचण एकच: त्याचं प्रमाण ०.७ आहे, धड आखूड. मॉडेलचं धड कापणं शहाणपणाचं नाही. दोन सीटची लांब कॅनोपी (वैमानिकावरची काच) जरा पुढे-मागे ताणून डोळ्याला चकवता येतं.

टेंपेस्ट-२ (१९४७-४८ च्या काश्मीर युद्धात वापरलेलं) आणि हार्वर्ड हे पुढचे पर्याय. दोघांचं नाक गोल रेडियल इंजिनाचं (सिलिंडर वर्तुळात मांडलेलं इंजिन), त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

४. मला स्पिटफायरच पाहिजे. काय हरकत आहे?

पंख. स्पिटफायरची ओळखच त्या लंबगोल पंखात आहे, आणि नेमका पंखच बदलायचा नाही असं मी सांगतोय (प्रश्न ६). लंबगोल पंखाची टोकं अरुंद होतात, वेग कमी झाला की टोक आधी हवा सोडतं (त्याची उचल संपते) आणि मॉडेल एका अंगावर पडतं. चाकंही जवळजवळ असल्यामुळे ओबडधोबड जमिनीवर ते कलंडतं. आयताकृती पंखाला फक्त गोल टोकं लावून वर स्पिटफायरचा रंग दिला, तर बघणाऱ्याला ते हरिकेनच वाटतं. मग हरिकेनच करा ना भाऊ. स्पिटफायर करायचंच असेल तर पूर्ण स्केल किट घेऊन करा, ते वेगळं काम आहे.

५. किती आणि कुठे बदल करायचे ते कळतच नाही. सुरुवात कुठून?

ब्लेड हातात घेण्याआधी फोटो काढा. मॉडेल भिंतीला समांतर ठेवा, दहा-बारा मीटर मागे जा आणि झूम करून बरोबर बाजूनं फोटो घ्या. जवळून घेतला तर नाक फुगतं, शेपटी बारीक दिसते आणि पुढची सगळी मापं चुकतात. तसाच एक फोटो वरून, गच्चीवरून घ्या. मग मूळ विमानाचं त्रिदृश्य रेखाचित्र घेऊन दोन्ही चित्रं पंखांच्या लांबीत सारखी करा आणि एकावर एक ठेवा. जिथे रेषा जुळत नाहीत तिथे लाल पेननं खुणा करा.

हरिकेनसाठी हे केलं की बहुतेक चारच जागा लाल होतात: उभी शेपटी, कॅनोपीमागची पाठीची चढण, पोटाखालचा रेडिएटर आणि पंखांची टोकं. एवढ्या चार जागांवरच ओळख ठरते. जुळलेली रेखाचित्रं झेरॉक्सवाल्याकडे प्लॉटरवर खऱ्या मापात छापून घ्या, तोच तुमचा साचा.

६. कशाला हात लावायचा नाही?

पंखाचा छेद, पंखाची रुंदी, आडव्या शेपटीचं क्षेत्रफळ, मोटरचा कोन आणि सीजीची (गुरुत्वमध्याची) जागा. मूळ लढाऊ विमानांची आडवी शेपटी प्रमाणात बरीचदा लहान असते. ती तशी केली तर एलेव्हेटर (आडव्या शेपटीचा हलणारा भाग) चिडखोर होतो. टोकं गोल करा, पण जेवढं कापलं तेवढं मागे भरून काढा. उभ्या शेपटीचा आकार बिनधास्त बदला, क्षेत्रफळ दहाएक टक्क्यांत ठेवा.

पंखांच्या टोकांना गोलाई देताना आणखी एक छोटी गोष्ट करता येते: टोकाचा मागचा काठ एक-दोन अंश वर ठेवायचा. त्याला वॉशआऊट म्हणतात, त्यामुळे टोक उशिरा हवा सोडतं. दोन्ही बाजूंना अगदी सारखा हवा. मागून एक डोळा मिटून बघा, फरक लगेच दिसतो.

७. वजन किती वाढलं तर चालेल?

गणित करून दाखवतो. १५०० मिमी पंख, २८० मिमी रुंदी, म्हणजे ४२ चौरस डेसिमीटर. मॉडेल २४०० ग्रॅम असेल तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ५७ ग्रॅम भार. ३०० ग्रॅम वाढले की ६४. ज्या वेगाला मॉडेल हवा सोडतं तो वेग वजनाच्या वर्गमुळानं वाढतो, म्हणजे इथे सुमारे ६ टक्के. एवढं सांभाळता येतं. मी मूळ वजनाच्या साधारण १२ टक्क्यांची मर्यादा धरतो.

किचनमधला डिजिटल काटा टेबलावर ठेवूनच काम करा. प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी मोजा आणि कागदावर लिहा. रंग सगळ्यात लबाड असतो: एकेक हात काहीच वाटत नाही, पण तीन हात झाले की कॅनोपीपेक्षा जास्त भरतो.

८. सगळं झाल्यावर मॉडेल शेपटीकडे झुकतंय. काय करू?

हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं, कारण बदल शेपटीत जास्त असतात. शेपटी सीजीपासून ७५० मिमी मागे आणि नाक ३०० मिमी पुढे असेल तर मागच्या २० ग्रॅमला पुढे ५० ग्रॅम लागतात. म्हणजे वजन एकदम ७० ग्रॅमनं वाढतं. म्हणून आधी बॅटरी जितकी पुढे सरकवता येईल तितकी सरकवा, मग रडरचा (उभ्या शेपटीच्या हलणाऱ्या भागाचा) सर्वो, म्हणजे तो हलवणारी छोटी मोटर, मधल्या भागात आणा. शिशाचे तुकडे शेवटी. सीजी मूळ मॉडेलच्या पुस्तिकेत दिला आहे तिथेच. पहिल्या उड्डाणाला पाच मिमी पुढे असला तर उत्तम, मागे अजिबात नको.

९. सामान नागपुरात मिळतं की सगळं ऑनलाइनच मागवायचं?

मोटर, सर्वो, बाल्सा (हलकं लाकूड) मागवावे लागतात. रूप बदलण्याचं सामान मात्र गावातच आहे. फ्लेक्स-बॅनरवाल्यांकडे सनबोर्ड आणि सनपॅक (प्लास्टिकचे कडक तक्ते), पॅकिंगवाल्यांकडे दाट थर्माकोल. इतवारी-महालातल्या पतंगीच्या दुकानांतून कागद आणि बांबूच्या कामट्या आणा. पाठीच्या चढणीसाठी थर्माकोल घासून आकार द्यायचा आणि त्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलनं पतंगीचा कागद बसवायचा. वाळला की कवच कडक होतं, वजन नगण्य. हरिकेनच्या मागच्या धडावर कापडाखालून लांब पट्ट्या उठून दिसतात. कागदाखाली बारीक कामट्या ठेवल्या तर हुबेहूब तसंच दिसतं. संक्रांतीनंतर कामट्या स्वस्तात मिळतात, तेव्हा घेऊन ठेवा.

सनबोर्ड जड असतो. तो फक्त छोट्या झाकणांना वापरा, शेपटीला कधीच नाही.

१०. स्प्रे मारला आणि थर्माकोल विरघळला. आता?

विरघळलेला भाग कापून नवा तुकडा बसवा, दुसरा इलाज नाही. स्प्रेच्या डब्यातलं सॉल्व्हंट आणि फेव्हिक्विक दोन्ही थर्माकोल खातात. प्रश्न ९ मधला कागद-फेविकॉलचा थर आधी द्या आणि रंग पाण्यातला ॲक्रिलिक वापरा. स्पंजानं टिपत लावला तर वजनही कमी आणि कडा मऊ येतात.

मॉडेल इस्त्रीच्या फिल्मनं मढवलेलं असेल तर वेगळी अडचण: तिच्यावर पाण्यातला रंग धरत नाही. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच चमक मारा, स्पिरिटनं पुसा, मग लावा.

११. कॅनोपी खरंच कोल्ड्रिंकच्या बाटलीची होते का?

होते आणि छान होते. मऊ लाकडाचा कॅनोपीच्या आकाराचा ठोकळा घासून गुळगुळीत करा, लागते त्यापेक्षा खाली दोन सेंटीमीटर उंच ठेवा. दोन लिटरची, मधे कंबर नसलेली बाटली घ्या, बूड कापा, ठोकळा आत सरकवा आणि खालच्या फटीत लाकडाची पाचर ठोका. हीट गन सतत फिरती ठेवा, एका जागी थांबली की प्लास्टिक दुधी होतं. आधी दोन्ही टोकं, मग मधला भाग. बाटली सुरकुतते, मग एकदम ताणून ठोकळ्याला घट्ट बसते. पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच कापा. गरम असताना काढली तर आकार सोडते. ठोकळ्यावरची प्रत्येक रेघ काचेवर उमटते, म्हणून ठोकळ्यावर वेळ घालवा.

काचेच्या चौकटी रंगवू नका. रेडियमवाल्याकडून दोन-तीन मिमीच्या पट्ट्या कापून आणा आणि चिकटवा. चौकटी दोन्ही बाजूंनी एकसारख्या येतात, आणि सगळं रूप खुलतं ते तिथे.

१२. भारतीय विमानाला कोणती चिन्हं लावायची? तिरंगी चक्र सगळ्यांना चालतं ना?

नाही, आणि इथे मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. हरिकेनवर तिरंगी गोल लावलेली मॉडेल्स दिसतात, ती चूक आहे. काळ असा आहे:

युद्धाच्या सुरुवातीपर्यंत आपल्या विमानांवर ब्रिटिशांचाच लाल-पांढरा-निळा गोल होता. जपानशी लढाई सुरू झाल्यावर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातला लाल काढला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि आपलीच माणसं आपल्यावर गोळ्या झाडायची भीती होती. म्हणून इंफाळच्या हरिकेनवर फक्त गडद आणि फिक्या निळ्याचा गोल. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्राचा गोल होता. आज आपण ओळखतो तो बाहेर केशरी, मधे पांढरा आणि आत हिरवा गोल १९५० पासूनचा. म्हणजे एचटी-२ आणि कृषकला तिरंगी, हरिकेनला निळा.

एक फोटो निवडा, एकाच विमानाचा, आणि त्यालाच धरून राहा. गोलाचा व्यास पंखाच्या रुंदीच्या किती भाग आहे ते फोटोवर मोजा आणि तेच प्रमाण मॉडेलवर घ्या. कापून द्यायला पुन्हा रेडियमवाला. चकाकी नसलेला व्हिनाइल मागा. चकाकणाऱ्यानं सगळं खेळण्यासारखं दिसतं. विमानं प्रत्यक्ष बघायची असतील तर दिल्लीच्या पालम संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर आणि टेंपेस्ट आहेत, बंगळूरच्या एचएएल संग्रहालयात एचटी-२.

१३. खोटं रेडियल इंजिन आणि तीन पात्यांचा प्रॉप लावला, तर मोटर तापते. का?

खोट्या इंजिनानं हवेची वाट अडवली. सिलिंडरच्या मधल्या जागा कापून मोकळ्या करा आणि गरम हवा बाहेर जायला मागे, आत येणाऱ्या वाटेच्या दुप्पट मोठी जागा द्या. येणारी वाट मोठी आणि जाणारी लहान असेल तर हवा आत साचते. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) त्या हवेच्या मार्गातच बसवा.

तीन पात्यांना तेवढ्याच व्यासात जास्त ताकद लागते, म्हणून व्यास एक इंच कमी करा. १२×६ (इंचांत व्यास × पिच) दोन पात्यांचा असेल तर ११×६ तीन पात्यांचा. त्यानंतर वॉटमीटर लावून करंट बघा, अंदाजावर राहू नका. फिरताना दोन पाती आणि तीन पाती कोणाला कळत नाहीत. फोटोसाठी तीन, उडवायला दोन, हे अगदी रास्त आहे.

१४. नोजव्हीलचं टेल व्हील कसं करू?

मुख्य चाकं फक्त तशीच ठेवून पुढचं काढून चालत नाही. नोजव्हीलच्या मॉडेलमध्ये मुख्य चाकं सीजीच्या मागे असतात. टेल व्हीलमध्ये ती पुढे हवीत, पंखाच्या पुढच्या काठाच्या आसपास. त्यासाठी पंखात त्या जागी कडक लाकडाचा ठोकळा अरल्डाइटनं बसवावा लागतो, दोन रिबना (पंखातल्या आडव्या फळ्यांना) धरून. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिथे ७५ मिमीपेक्षा लहान चाक अडकतं. हरिकेनसारख्या विमानाची मूळ चाकं उड्डाणात आत जातात. आपण तारेच्या पायावर सनबोर्डाचं पातळ झाकण लावून खालच्या रंगात रंगवलं की वर गेल्यावर नजरेत येत नाही. टेकऑफला उजवा रडर तयार ठेवा, नाक डावीकडे ओढतं.

१५. कॅमोफ्लाज केल्यावर मॉडेल आकाशात दिसेनासं होतं. मग?

रंगाचा उद्देशच तो होता. वरची बाजू गडद आणि खालची फिकी, एवढा फरक ठसठशीत ठेवा, म्हणजे वळताना कुठली बाजू समोर आहे ते कळतं. फार तपकिरी-हिरव्या छटा मिसळू नका. युद्धाच्या शेवटी त्या आघाडीच्या बऱ्याच विमानांवर पंख-शेपटीला पांढरे पट्टे होते. तसा फोटो निवडलात तर इतिहासही सांभाळला जातो आणि डोळेही.

१६. मे महिन्यात उडवू शकतो का?

सकाळी साडेसहाला, हो. दुपारी नको. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. ४५ अंशाला हवा, १२ अंशाच्या हिवाळी सकाळपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. त्यानं हवा सोडण्याचा वेग ५ टक्क्यांनी वाढतो, आणि प्रश्न ७ मधले ६ टक्के त्यावर आहेतच. जानेवारीत अलगद उतरणारं मॉडेल मेमध्ये धावत येतं. उतरताना थ्रॉटल थोडा चालू ठेवा. लायपो (मॉडेलच्या लिथियम बॅटऱ्या) बंद गाडीत ठेवू नका, फुगतात आणि पेट घेऊ शकतात. पहिलं उड्डाण नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा.

१७. शहरात कुठे उडवता येईल? फुटाळा तलावाजवळ चालतं का?

नाही. फुटाळ्याला लागून वायुसेनानगर आहे, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. सोनेगाव विमानतळाचा पट्टा तर अर्ध्या शहरावर आहे. सीताबर्डीसुद्धा आठ किलोमीटरच्या आत येते. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या ड्रोनचा सरकारी दाखला) लागत नाही, पण झोन सगळ्यांना लागू आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटर उंचीपर्यंत, त्यापलीकडे हिरव्या झोनमध्ये १२० मीटरपर्यंत. आठच्या आत परवानगीशिवाय नाही. निघण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा दर वेळी बघा. कामठीकडे जाताना छावणीचंही भान ठेवा.

१८. नॅट, मारुत (दोन्ही जेट लढाऊ विमानं) किंवा डकोटा (दोन इंजिनांचं वाहतूक विमान) अशा पद्धतीनं होईल का?

नॅटची लांबी पंखांपेक्षा जास्त, पंख मागे झुकलेले, मारुतचंही तसंच. स्पोर्ट मॉडेलच्या सरळ पंखावर ते रूप बसत नाही. त्यासाठी डक्टेड फॅनचं (नळीत बसवलेल्या पंख्याचं) जेट मॉडेल घ्या आणि त्याचा रंग बदला. डकोटा नागपूरकरांना जवळचा आहे, १९४९ पासून रात्रीची टपाल विमानं चारही दिशांनी येऊन सोनेगावला पिशव्या बदलत, त्यांत डकोटा होती. पण दोन मोटरचं मॉडेल हे पहिल्यापासून बांधायचं काम आहे.

१९. मॉडेल लांबच्या शेतात पडलं आणि गावात "लष्कराचं ड्रोन पडलं" म्हणून बोंब झाली. हे कसं टाळायचं?

चिन्हं जितकी खरी, तितकी ही शक्यता जास्त. पोटाखाली पांढऱ्या स्टिकरवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: "खेळण्याचं मॉडेल, आत बॅटरी आहे, हात लावू नका", आणि खाली तुमचा फोन नंबर. उडवण्याआधी शेतमालकाला आणि पोलीस पाटलाला भेटून मॉडेल दाखवा. पोरं बघायला आली तर त्यांना येऊ द्या, फक्त धावपट्टीपासून लांब उभं करा. पडलेलं मॉडेल उचलायला जाताना उभ्या पिकातून शेतमालकाला विचारल्याशिवाय शिरू नका, आणि मॉडेल हातात आल्यावर बॅटरी आधी काढून मोकळ्या मातीवर अर्धा तास ठेवा. आपटलेली लायपो उशिरानंही पेटते.